लँडलाइनचा नंबर मोबाइलवर येत नाही! ७,२२५ रुपये गेल्यावर लिहितो आहे

०२५३ चा लँडलाइन नंबर मोबाइलच्या सिमवर येत नाही. कुणीही सांगो, कितीही फी मागो. पोर्टिंग, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलणं, मोबाइल नंबरचं होतं. आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो आणि नाशिकचा लँडलाइन नंबर कोड धरून २ ने. एवढं लक्षात आलं असतं तर इंदिरानगरच्या आमच्या घरातून ७,२२५ रुपये गेले नसते.

"तांब्याची केबल काढणार आहेत, तुमचा तोच नंबर सिमवर करून देतो," असं सांगत माणूस दारात आला. केबल खरोखरच कुजलेली, रस्ता खोदला की फोन बंद, म्हणून ते पटलं. गळ्यात ओळखपत्र, हातात अंगठ्याचं मशीन, छापील पावतीपुस्तक. 'नंबर ट्रान्सफर' १,४९९, सिमवर चालणारा टेबल फोन ३,८५०, जुनं डिपॉझिट सोडवून देण्याचे ७५०. एकूण ६,०९९. टेबल फोनचे रोख घेतले, उरलेले २,२४९ यूपीआयने. पैसे घेणाऱ्याचं नाव कंपनीचं नव्हतं, व्यक्तीचं होतं. तिथेच हात थांबवा.

खरी लबाडी पुढची. त्याने दिलेलं सिम अस्सल होतं, पण नव्या नंबरचं. लँडलाइनच्या हँडसेटवरून कोड फिरवून त्याने सगळे कॉल त्या नव्या नंबरवर फॉरवर्ड केले. मग समोर जुना नंबर लावून दाखवला आणि टेबल फोन वाजला. यावर कोण शंका घेणार? आम्ही भोळे म्हणून फसलो असं कुणी म्हणू नये. डोळ्यांसमोर फोन वाजत होता.

पण एक गोष्ट अजून टोचते. तो गेल्यावर जुना रिसीव्हर उचलला, तर डायल टोन चालू होता. फॉरवर्डिंग लागलेल्या लाइनवर येतो तसा थोडा तुटक, पण चालू. नंबर खरंच गेला असता तर लाइन मुकी झाली असती. तो टोन ऐकला आणि रिसीव्हर खाली ठेवला. त्याच मिनिटाला खुलासा विचारायला हवा होता. नव्या फोनवरून केलेल्या कॉलला समोरच्याला ९ ने सुरू होणारा नंबर दिसत होता, तेही दिसलं. "सिस्टम अपडेट व्हायला ७२ तास लागतात" हे उत्तर आम्ही मानलं.

मग लँडलाइनचं बिल आलं, १,१२६ रुपये. आधीचे ६,०९९ धरून ७,२२५. फॉरवर्ड झालेल्या प्रत्येक कॉलचा पुढचा टप्पा लँडलाइनधारकाच्याच नावावर लागतो. कनेक्शन बंद करायचा अर्ज त्याने दिलेलाच नव्हता. बिल थकून लाइन तुटली असती तर जुना नंबरही गेला असता आणि फॉरवर्डिंगही. तसाच टेबल फोन एम. जी. रोडवर १,९५० ला मिळत होता, आणि तोही फक्त टू-जीवर चालणारा. फोर-जीच असलेल्या कंपनीचं सिम त्यात चालतच नाही.

अंगठा दोनदा घेतला होता, "सर्व्हर आला नाही" म्हणून. दोनदा अंगठा म्हणजे दोन सिम निघू शकतात. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरची कनेक्शनं दिसतात. तिथे दुसरं, कधीच हातात न आलेलं सिम निघालं. आजच तपासा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, गरज लागेल तेव्हा उघडता येतं.

तक्रारीचं काय झालं? टेलिफोन कार्यालयात पहिलं वाक्य, "आधी बिल भरा." माणूस आमचा नाही, पावती आमची नाही, अर्ज घेत नाही. सिमच्या कंपनीच्या दुकानात सांगितलं की केवायसी (ओळख पडताळणी) बरोबर झालंय, तुमचाच अंगठा आहे. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात हा आपसातला व्यवहार म्हणून सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाल्यांनी विचारलं, ३,८५० रोख दिल्याचा पुरावा काय? पावती दाखवली तर ती खोटी आहे म्हणे. अहो, खोटी आहे म्हणूनच तर आलो होतो! पाच खिडक्या, पाच फेऱ्या, आणि प्रत्येक जण आपलाच माणूस नव्हता हे सिद्ध करण्यात गुंतलेला. ज्याने फसवलं त्याच्या यूपीआय खात्याची साधी चौकशी कुणी केली नाही. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, तासाभरात. आम्ही बिल येईपर्यंत थांबलो.

लँडलाइन सोडून मोबाइल घ्यायचा असेल तर नवा नंबर येणारच, हे मान्य करूनच सुरुवात करा. आधी सिम, स्वतः दुकानात जाऊन. मग बँक, गॅस, विमा, सगळीकडे नंबर बदला. एक बिल होईपर्यंत लँडलाइन चालू ठेवून फॉरवर्डिंग स्वतः लावा. मग बंद करण्याचा अर्ज, शेवटचं भरलेलं बिल आणि डिपॉझिटची पावती घेऊन कार्यालयात जा आणि पोच घ्या. डिपॉझिट परत मिळवायला कुठलीही फी नसते. तोच नंबर हवा असेल तर फायबर जोडणीवर तो बहुतेक वेळा ठेवता येतो. हे कार्यालयातच विचारा, दारात आलेल्याला नाही. मोबाइलचा नंबर खरोखर पोर्ट करायचा तर PORT ऐवजी कुणी दुसरं काही पाठवायला सांगितलं तर नकार द्या; तो मेसेज १९०० ला जातो आणि आठ अक्षरांचा कोड तुमच्याच फोनवर येतो.

ते दुसरं सिम 'माझा नंबर नाही' असं नोंदवल्यावर बंद झालं. पोलिसांकडचा अर्ज अजून 'चौकशीवर' आहे.