बातमीचं पोर्टल: संस्था काढावी की कलम ८ ची कंपनी?

घाटंजीकडच्या एका पोराने विचारलं, "भाऊ, कापसाचा भाव, फवारणीतली विषबाधा, रेशन अशा बातम्यांचं ना-नफा पोर्टल काढतो. संस्था नोंदवू की कंपनी?"

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने संस्थेला सात सभासद लागतात. गावात सात सह्या मिळतात, सात कामाची माणसं मिळत नाहीत. कलम ८ ची कंपनी म्हणजे कंपनी कायद्यातली ना-नफा कंपनी; ती खाजगी असेल तर दोघं पुरतात.

नोंदणीला संस्था स्वस्त. कंपनीला सीए आलाच. वर्षभर रुपया जमा झाला नाही तरी विवरणपत्रं भरा, उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये.

संस्थेचं खरं दुखणं पुढे आहे. पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. त्यावर कोणी हरकत घेतली की तारखांवर तारखा, आणि बँक विचारते, चेकवर सही नेमकी कोणाची? (सात जणांत एक रुसतोच.) कंपनीत संचालक बदलणं ऑनलाइन उरकतं.

देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता (८०जी) दोघांनाही मिळू शकते. परदेशी देणगी मात्र २०१० च्या कायद्याने ऑनलाइन बातम्यांना बंदच.

तालुक्यापुरतं, गावच्या वर्गणीवर चालवायचं आणि सात भरवशाचे असतील तर संस्था. पगारी वार्ताहर ठेवून दोन-तीन जिल्हे धरायचे तर कंपनी.