'गिव्ह अप' की 'एक्सएक्स': पहिली रेकॉर्ड कोणती घ्यावी?

मेहुण्याने गेल्या महिन्यात टर्नटेबल घेतलं आणि लगेच फोन केला, "दाजी, एकच घ्यायची तर कोणती? पोस्टल सर्व्हिसचा 'गिव्ह अप' की एक्सएक्स?" बाहेरून येणारी नवी रेकॉर्ड मला तरी कधी तीन हजारांच्या खाली मिळालेली नाही, त्यामुळे 'दोन्ही घे' म्हणून सुटका करून घेता येईना. माझ्याकडे दोन्ही आहेत. फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही त्या त्या बँडचे पहिलेच अल्बम; एक्सएक्सच्या अल्बमचं नावही 'एक्सएक्स'च. पोस्टल सर्व्हिसचा तर पहिला आणि शेवटचाही. २००३ साली सब पॉप या रेकॉर्ड कंपनीने 'गिव्ह अप' काढला, मग वर्धापनदिनाचे दौरे झाले, पण दुसरा स्टुडिओ अल्बम काही आला नाही. गंमत म्हणजे दोन्हींचा जन्म देवाणघेवाणीतून झाला. लॉस एंजेलिसमध्ये जिमी टँबोरेलो वाद्यांचे ट्रॅक तयार करायचा आणि टपालाने सिअ‍ॅटलला बेन गिबर्डकडे पाठवायचा. गिबर्ड त्यावर शब्द आणि चाल चढवून परत पाठवायचा. बँडचं नाव तिथूनच आलं. अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यावर नोटीसही धाडली होती. शेवटी तडजोड अशी निघाली, की नाव वापरा, पण आमची जाहिरात करा आणि आमच्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत येऊन गा. सरकारी खात्याकडून इतका रसिक निकाल मी दुसरा ऐकलेला नाही. पुढे याच अल्बममधलं 'सच ग्रेट हाइट्स' एका खासगी कुरिअर कंपनीच्या जाहिरातीत वाजलं, ते वेगळंच.

एक्सएक्सची मंडळी लंडनची. रोमी मॅडली क्रॉफ्ट आणि ऑलिव्हर सिम अगदी लहानपणापासूनचे दोस्त, गाण्याच्या ओळी एकमेकांना इंटरनेटवरून पाठवायचे. बीट आणि निर्मिती जेमी स्मिथची. २००९ साली अल्बम आला तेव्हा पोरं विशीची होती. २०१० मध्ये त्याला मर्क्युरी पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालं. त्याच वर्षी बीबीसीने निवडणुकीच्या प्रक्षेपणात अल्बममधलं 'इंट्रो' इतकं वाजवलं, की बँडचं नाव माहीत नसलेल्यांनाही ते तोंडपाठ झालं असावं.

वाजवण्याच्या बाबतीत हे दोन अल्बम दोन टोकांना आहेत. एक्सएक्सवाले हातचं राखून वाजवतात. गिटारचे चार सूर, मग थांबा, मग खालून बेस. दोघं गातात तेही शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलंय अशा बेताने. पोस्टल सर्व्हिसकडे सगळं भरलेलं आहे. टिकटिक, खरखर, पळते ड्रम, त्यावर गिबर्डचा स्वच्छ आवाज आणि मागे गायिका जेनी लुईस. 'नथिंग बेटर'मध्ये तर जेन वुड ही दुसरी गायिका त्याला चक्क मध्येच तोडून सुनावते. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची सवय असेल तर ते गाणं पहिल्या फटक्यात आवडतं.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. 'एक्सएक्स' हळू ऐकता येत नाही. आमच्या घरी पंखा, कुकर आणि रस्त्यावरची वाहतूक धरून ऐकायचं म्हटलं, तर गायलेलं कळायला आवाज वाढवावाच लागतो. आणि आवाज वाढवला की आधी वाढतो तो बेस. मध्यंतरी रात्री साडेदहाला 'फँटसी' लावलं होतं. आधी काहीच ऐकू येईना म्हणून बटण फिरवत गेलो. मग बेस आला तो असा, की काचेच्या कपाटातल्या वाट्या किणकिणल्या. पाच मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर, हातात टॉर्च.

"अरे, टाकीची मोटर बंद करायची राहिलीय का बघ रे, खाली भिंतीतून घरघर येतेय."

मी मोटरच्या खोलीपर्यंत त्यांच्याबरोबर जाऊन आलो. मोटर बंदच होती, हे सांगायला नको. काय वाजत होतं ते सांगायची हिंमत झाली नाही. नंतर स्पीकरखाली रबराचे तुकडे ठेवून पाहिले, स्पीकर भिंतीपासून लांब सरकवले. थोडा फरक पडला, पण दर वेळी बेस आला की माझा हात आपोआप बटणाकडे जायला लागला. अशा हाताने संगीत ऐकता येत नाही.

दुसरी कटकट पावसाळ्याची. रेकॉर्ड कितीही पुसा, जुलै-ऑगस्टमध्ये थोडी चरचर येतेच. एक्सएक्सच्या मोकळ्या जागांमध्ये ती प्रत्येक चरचर पाहुण्यासारखी येऊन बसते. 'गिव्ह अप'मध्ये मूळचीच इतकी खरखर आहे, की सुईची कुठली आणि टँबोरेलोची कुठली हे मला आजवर ओळखता आलेलं नाही. आधी मी उगाच सुई बदलून आलो होतो.

'गिव्ह अप'मध्ये खोट नाही असं नाही. ड्रमच्या आवाजावरून त्याचं वय कळतं. शब्द फार, त्यामुळे लावून ठेवून हिशेब वगैरे करायला बसलात तर बेरीज चुकते. शेवटच्या 'नॅचरल अँथम'मध्ये गाणारा येईपर्यंत ड्रमचा जो गोंधळ चालतो, तिथे मी बरेचदा सुई उचलतो. आणि निव्वळ कलाकृती म्हणून तोलायचं तर एक्सएक्सचं पारडं कदाचित जड भरेल. इतक्या कमी वाद्यांत इतकं सांगणं सोपं नाही, आणि तज्ज्ञ मंडळी माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

पण 'गिव्ह अप' आमच्याकडे सकाळी पोहे परततानाही चालतो, हळू आवाजातही चाल कळते, आणि खालून कोणी टॉर्च घेऊन वर येत नाही. मेहुण्याचा फ्लॅट आमच्यासारखाच, भिंती पातळ, खाली बिऱ्हाड. त्याला मी 'गिव्ह अप' घ्यायला सांगितली. तुमचं स्वतंत्र घर असेल, किंवा तुम्ही फक्त हेडफोनवरच ऐकणार असाल, तर हे सगळं तुम्हाला लागू नाही असं धरा.

माझी 'एक्सएक्स'ची प्रत मात्र विकायची नाही, आधीच सांगून ठेवतो. त्याचं विचारायला तिघांचे फोन येऊन गेलेत. काका दिवाळीत दहा दिवस मुलीकडे बंगळुरूला जातात, तेव्हा ती बाहेर निघते.