मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम: पाचपैकी साडेतीन तारे, आणि हुकलेला एक उन्हाळा

आमच्या कोल्हापूरकडे चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट. होळी झाली की घरोघरी मिरच्यांना ऊन दाखवायचं, देठं खुडायची, मसाला भाजायचा आणि सगळं कांडपाला न्यायचं. मृगाच्या आत बरण्या भरल्या पाहिजेत. म्हणजे कांडप मशीनवाल्याची वर्षाची कमाई जेमतेम अडीच महिन्यांत होते. हे आधीच सांगते, कारण माझी सगळी तक्रार या अडीच महिन्यांचीच आहे.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना राज्य सरकारची, 2019 पासूनची. सरकार यात कर्ज देत नाही. कर्ज बँकेचं, सरकारचं फक्त अनुदान: शहरातल्या खुल्या गटातल्या पुरुषाला 15 टक्के, गावातल्या बाईला 35 टक्के. माझा प्रकल्प 8 लाखांचा. शेड, दोन कांडप मशीन, पल्व्हरायझर (बारीक पूड करणारं यंत्र), भाजणी यंत्र आणि थोडं खेळतं भांडवल. त्यात माझे 40 हजार, सरकारचे 2 लाख 80 हजार, उरलेले 4 लाख 80 हजार बँकेचे. 10 लाखांच्या आतल्या प्रकल्पाला शिक्षणाची अट नाही, हे मला फार आवडलं. मी बारावी झालेय, पण माझ्यापेक्षा चांगली चटणी करणारी आमची जाऊ चौथीत शाळा सोडलेली आहे.

2023 च्या दिवाळीनंतर अर्ज केला. ऑनलाइनच करावा लागतो. आधार, दाखला, फोटो, शिवाय गाव खरंच गाव आहे हे सांगणारा ग्रामपंचायतीचा लोकसंख्येचा दाखला. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट असते हे मला नंतर कळलं, तोवर सायबर कॅफेवाल्याने 500 रुपये घेतले होते. जिल्हा उद्योग केंद्रातल्या माणसांना मात्र पैकीच्या पैकी. खुर्ची दिली, अर्जातली चूक दाखवली, एकही हेलपाटा वाया गेला नाही. जानेवारीत माझी फाइल मंजुरीच्या शिफारशीसह बँकेकडे गेली. मी मनात मशीन बसवूनसुद्धा टाकलं.

आणि मग शाखा. नाव लिहीत नाही, रोज तिथेच जावं लागतं. फेब्रुवारीत शाखेतल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, तारण काय?" मी म्हटलं, मशीनच तारण. ते म्हणाले, सासऱ्यांचा सातबारा आणा. छोट्या उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला वेगळं तारण मागायचं नाही असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. भाच्याने तो मोबाइलवर काढून दिला, मी साहेबांपुढे धरला. साहेबांनी चष्मा पुसला. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, तर म्हणे आता निवडणूक होऊ द्या. बँकेच्या कर्जाचा आणि मतपेटीचा संबंध मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही. एप्रिल-मेमध्ये बायका माझ्या दारावरून मिरचीची पोती घेऊन शेजारच्या गावाला जात होत्या आणि मी ओसरीवर बसून बघत होते. कर्ज मंजूर झालं जूनच्या शेवटी, पहिला पाऊस पडून गेल्यावर.

साहेबांची बाजूही सांगते. आमच्याच पंचक्रोशीत अनुदानापुरतं मशीन आणून पुढे ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले दोघे मला माहीत आहेत. एकदा हात पोळला की माणूस ताकही फुंकून पितो. पण मग तसं स्पष्ट "नाही" म्हणावं की. माझा सीझन गेला तो नकारामुळे नाही, "पुढच्या सोमवारी या" मुळे.

त्याच ऑगस्टमध्ये राखीच्या आधी लाडकी बहीणचे 3 हजार खात्यात आले. अर्ज भरून दोन महिनेही झाले नव्हते. सरकारला वेळेत पैसे पाठवता येतात, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मधे शाखा आली की गाडी अडते.

अनुदानाबद्दल नवीन लोकांचा गैरसमज असतो म्हणून सांगते: ते हातात मिळत नाही. तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं, उद्योग चालू दिसला तरच कर्जात वळतं होतं. अट कडक आहे, पण वरच्या ताडपत्रीवाल्यांकडे बघता बरोबर आहे. सक्तीचं प्रशिक्षण मला वाटलं होतं तेवढं कंटाळवाणं निघालं नाही. किलोमागे वीज किती जळते याचा हिशोब मी तिथे पहिल्यांदा मांडला आणि कांडपाचा दर लगेच बदलला.

2025 चा उन्हाळा माझा पहिला. सकाळी सहाला मशीन सुरू, रात्री दहापर्यंत शिंका. हप्ता एकही चुकला नाही. पावसाळ्यात हळद-धणे दळते, दिवाळीआधी भाजणी.

आता एकच धाकधूक. प्रकल्प अहवाल करून देणाऱ्याने रोजगाराच्या रकान्यात 8 लिहिलंय. मी म्हटलं होतं, दोनच लिहा. तो म्हणाला, "मॅडम, आकडा भरलेला बरा दिसतो." खरं म्हणजे वर्षभर माझ्याकडे दोघी असतात, सीझनला सहा. तीन वर्षांनी तपासणीला जे कुणी साहेब येतील ते शेडमधली डोकी मोजणार. त्यांनी एप्रिलमध्ये यावं एवढीच इच्छा आहे. दोघी घरच्या धरल्या तर आठ भरतील.