ओळखीचे वकील की विधिक सेवेचे वकील?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वर्षानुवर्षे भाड्याने राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबावर घर रिकामे करण्याचा दावा लागला आणि वकिलाची फी झेपणारी नसली, तर सहसा दोन वाटा असतात. ओळखीतले कोणी वकील फी न घेता उभे राहतात, किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून त्यांच्या पॅनलवरचे (यादीतले) वकील मिळतात. आमच्या आत्याबाईंच्या दाव्यात आम्ही दोन्ही वाटांनी जाऊन पाहिले.

ओळखीचे वकील मराठीत बोलतात, घरी येऊन कागद पाहतात, आणि वयस्कर, एकट्या बाईला त्याचा फार धीर वाटतो. पॅनलच्या वकिलांकडे कामे पुष्कळ असतात, बोलणे हिंदीत होते, पहिली भेट घाईत उरकते. कोण वाट्याला येईल यावरही बरेच अवलंबून असावे.

तरीही माझे मत बदलले ते एका गोष्टीमुळे. जे काम उपकार म्हणून होत असते, त्याचा तगादा लावता येत नाही. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १३ प्रमाणे समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात थकलेले भाडे न्यायालयात जमा करावे किंवा घरमालकाला द्यावे लागते, पुढे दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते भरत राहावे लागते, आणि त्यात कसूर झाली तर न्यायालय भाडेकरूचा बचावच रद्द करू शकते. मुदत जवळ येत होती आणि रक्कम नेमकी किती भरायची, एवढेच विचारायचे होते, पण एकदा फोन उचलला गेला नाही की आत्याबाई म्हणत, "ते पैसे घेत नाहीत रे, पुन्हा पुन्हा कसं विचारायचं?" फी नव्हती, पण टायपिंग, नकला आणि तलबाना (समन्स-नोटीस बजावण्याची फी) यांचा खर्च आमच्याकडेच होता, आणि त्याचा हिशेब मागण्याचीही भीड पडत असे.

प्राधिकरणाकडे ही भीड उरत नाही. विधिक सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या, अपंग आणि आणखी काही गटांतल्या व्यक्तींनाही ती तशीच मिळते, बाकीच्यांना मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. कोर्ट फी, तलबाना, नकला हे सारे त्या मदतीतच येते. राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसार पॅनलच्या वकिलांना पक्षकाराकडून काहीही घेता येत नाही, आणि काम समाधानकारक नसेल तर प्राधिकरण प्रकरण त्यांच्याकडून काढून घेऊ शकते. आत्याबाई आता प्रत्येक पेशीनंतर स्वतःच पुढची तारीख विचारून घेतात.

घरमालक तडजोडीला तयार असेल तर लोक अदालतीचा विचार अवश्य करावा; मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सहीपूर्वी प्रत्येक अट वाचून घ्यावी.

ओळखीचे वकील वेळेवर भेटणारे असतील तर त्यांना सोडा, असे मी म्हणणार नाही. पण मुदतीचा प्रश्न असलेल्या दाव्यात मी आधी १५१०० या विधिक सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करून प्राधिकरणाकडे अर्ज देईन, आणि ओळखीच्या वकिलांना फक्त कागद मराठीत समजावून सांगण्याची विनंती करीन.