सोशल वर्कवाल्यांसाठी 'कल्चरल कॉम्पिटन्स' वर्कशॉप, बेळगाव : दुसऱ्या दिवसासाठी जावा

५ पैकी ३.५ स्टार. दुसऱ्या दिवसाला एकट्याला ५ दिले असते, पहिल्या दिवसाला २, ते पण चहा चांगला होता म्हणून. फी १८०० रुपये, हॉल टिळकवाडीत, ठेवणारी संस्था बेंगळूरची. नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं मनापासून करणारी आहेत आणि मला कुणाशी भांडण काढायचं नाही. मी खानापूर साइडला घरी पडून असलेल्या पेशंटांकडं व्हिजिटला जाते. आमच्यासारख्या फिल्डवाल्यांना असलं ट्रेनिंग कोण देत नाही, एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर डिग्री) झालेल्यांनाच मिळतं, म्हणून उत्सुकता होती.

पहिला दिवस म्हणजे पीपीटी, पीपीटी आणि पीपीटी. आपल्याहून वेगळ्या भाषेच्या, धर्माच्या, राहणीच्या माणसाला कमी न लेखता, आपलंच घोडं पुढं न दामटता त्याच्या कामाला कसं यायचं, हा विषय, यालाच ते कल्चरल कॉम्पिटन्स म्हणतात. १९८९ ला अमेरिकेत टेरी क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या सहा पायऱ्या मांडल्या, अगदी खाली समोरच्याची संस्कृतीच मोडून काढणारी संस्था आणि वर चढत चढत त्यात मुरलेली. मधे एक पायरी 'आम्हाला सगळे सारखेच' म्हणणाऱ्यांची, ती मला लई पटली, कारण आमच्याकडं मीटिंगमध्ये हेच वाक्य छाती पुढं काढून म्हणतात आणि मग सगळ्यांना एकच कन्नड फॉर्म वाटतात. त्यानंतर १९९८ ला टर्व्हॅलॉन आणि मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बायकांनी म्हटलं की दुसऱ्याची संस्कृती शिकून पास होण्याचा हा विषयच नाही, आयुष्यभर स्वतःला तपासत राहायचं, याला ते कल्चरल ह्युमिलिटी म्हणतात. हा भाग ट्रेनरनी छान सांगितला, खोटं कशाला बोलू.

पण उदाहरणं! गोरे, काळे, मेक्सिकोहून आलेले, निर्वासित. अहो १९३६ पासून मुंबईत सोशल वर्क शिकवतात, आपल्याकडचं एक उदाहरण सापडू नये? जात हा शब्द दिवसभरात एकदा आला, तो पण जेवणाच्या लायनीत, चिकोडीकडच्या एकीनं काढला म्हणून. फिल्डवर तर पहिला प्रश्नच तो असतो. एका गल्लीत वर्कर चहा घेते, दुसऱ्या गल्लीत "आत्ताच झाला ओ" म्हणते, आणि ते "आत्ताच झाला" त्या घराला बरोबर कळतं, पुढच्या वेळी तिथली बाई दार अर्धंच उघडते आणि आपण रजिस्टरमध्ये लिहितो 'कुटुंब सहकार्य करत नाही'. हे मी एकदा उठून बोलले. ट्रेनर म्हणाले व्हेरी गुड पॉईंट आणि पुढची स्लाइड लावली.

आता दुसरा दिवस. निपाणीकडच्या एक रिटायर अक्का आल्या होत्या, बिडी वळणाऱ्या बायकांमध्ये बरीच वर्षं काम केलेल्या, कन्नड मराठी उर्दू तिन्ही फाडफाड, पीपीटी नाही काही नाही, खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी पहिल्यांदा आडनावांची चिठ्ठी फिरवली आणि म्हणाल्या यांची घरची भाषा लिहा. सगळ्यांनी धडाधड लिहिलं आणि निम्मं चुकलं, कारण इथं मराठी बोलणारे लिंगायत आहेत, कन्नडात वाढलेले मराठा आहेत, मुसलमानांच्या घरी दख्खनी पण बाजारात मराठी, खानापूरच्या जंगलाकडं गेलं तर कोकणी. १९५६ ला राज्यांची रेघ ओढली तेव्हापासून भाषा म्हटलं की आम्ही सगळे एकदम ताठ होतो, या बाजूचे पण आणि त्या बाजूचे पण, तर अक्कांचं म्हणणं एवढंच की आडनावावरून ठरवू नका, बोर्डावरून ठरवू नका, "तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलू" हे त्या माणसालाच विचारा आणि तेच फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्या फाइलमध्ये जातीचा, धर्माचा रकाना आहे, रेशन कार्डाचा आहे, हा एक नाही बघा.

सगळ्यात भारी सेशन दुभाष्याचं. यासाठीच मी पैसे वसूल म्हणते. रोल प्ले असा : वर्करला फक्त कन्नड येतं, सासूला फक्त मराठी, मधे सून. सासू म्हणते, "मला जेवायला वेळेवर कोण देत नाही." सून कन्नडात सांगते, अज्जीला भूक लागत नाही. हॉल हसला. अक्कांनी वर्कर झालेल्या मुलीला विचारलं, आता रिपोर्टमध्ये काय लिहिशील? ती म्हणाली, भूक मंदावली. "मग डॉक्टर टॉनिक देणार," अक्का म्हणाल्या, "आणि म्हातारी उपाशीच राहणार."

मग नियम सांगितले आणि लगेच परत करून घेतले. घरातलं माणूस दुभाषी नको, कन्नड शाळेत जाणारं नातवंड तर अजिबात नको, पोराला आजीच्या दुखण्याचं नाहीतर बापाच्या दारूचं भाषांतर करायला लावू नये. बाहेरचा दुभाषी असला तर आधी पाच मिनिटं त्याला समजावून सांगायचं, यातलं बाहेर काही जाता कामा नये हे पण. बोलताना बघायचं पेशंटकडं, दुभाष्याकडं नाही. एका वेळी एकच छोटं वाक्य. आणि त्यानं 'ती म्हणते की' न लावता ती 'मी' म्हणाली तर 'मी' असंच सांगायचं. ऐकायला सोपं आहे ओ, करताना सगळ्यांची मान सारखी दुभाष्याकडं वळत होती. खर्चाचं मात्र कुणी बोललं नाही, व्हिजिटला माझ्याबरोबर दुसरं माणूस पाठवायला गाडीचं पेट्रोल कोण देणार?

सौंदत्तीचा, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या देवदासींचा, भाग घाईत उरकला याचं वाईट वाटलं. अक्कांचं सांगणं असं की देवदासी बाईकडं गेल्यावर यल्लम्मावर भाषण झोडून सुरुवात करू नका, कर्नाटकात १९८२ पासून याविरुद्ध कायदा आहे हे तिला तुमच्याआधी माहीत आहे, तुम्ही पेन्शनचं विचारा, पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाच्या नावाची जागा आहे तिचं काय केलं ते विचारा. देवीला नावं ठेवलीत की ती तुमच्याशी बोलणं बंद करणार, आणि नुसतं 'त्यांची संस्कृती' म्हणून गप्प बसलात तर पुढची पोर देवीला सोडली जाणार. या दोन्हीच्या मधे कसं चालायचं यावर एक आख्खा दिवस पाहिजे होता, मिळाला पाऊण तास. त्यातही ट्रेनरनी जोगप्पांना (यल्लम्माला वाहिलेले, बाईसारखं राहणारे) सरसकट हिजडा समाजात घातलं, तेव्हा मागून एक जण उठला आणि त्यानं सांगितलं की जोगप्पांची ओळख देवीशी जोडलेली असते, त्यांच्या रीती वेगळ्या, कितीतरी जण आपल्या घरातच राहतात. ट्रेनरनी मान्य करून वहीत लिहून घेतलं, हे मला आवडलं.

राहिलेलं पटापट. तारीख ठेवली ती नेमकी भरत पुनवेला लागून, सौंदत्तीकडचे वर्कर जत्रेच्या ड्युटीत अडकलेले, त्यामुळं ज्यांनी बोलायचं तेच हॉलमध्ये नव्हते, आणि वर्कशॉपचा विषय काय तर विविधता! गवळी धनगर, सिद्दी (आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज) यांचं नाव पण निघालं नाही. खरंतर २०२० पासून बेळगाव जिल्ह्यातले सिद्दी पण एसटीच्या (अनुसूचित जमातींच्या) यादीत आहेत, सर्टिफिकेटसाठी लोक आम्हालाच विचारतात. जेवण एक नंबर, ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरलं वांगं), शेंगाचटणी, जैन लोकांचं ताट न मागता वेगळं काढून ठेवलेलं.

पुढची बॅच निपाणीला घेणार म्हणतात. अक्का येणार असतील तर डोळे झाकून पैसे भरा, नुसती पीपीटी असेल तर घरी बसा. आणि भरायच्या आधी विचारून घ्या की हँडआऊट मराठीत देणार का, कारण आम्हाला कन्नड नाहीतर इंग्रजी एवढंच मिळालं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या नंदगडच्या ताईंनी ते पूर्ण दोन दिवस पंख्यासारखं वापरलं.