व्हिएतनामी तलवार म्हणून ४,९५० युरोंना गंडा

फ्रान्समध्ये राहून जुनी शस्त्रं जमवणाऱ्या मराठी मंडळींनो, पैसे देण्याआधी हे वाचा. तलवारीचे ४,६५०, ‘अस्सलपणाच्या दाखल्या’चे १२०, विमा आणि पाठवणीचे १८०. एकूण ४,९५० युरो गेले.

५ जुलै १८८५ला फ्रेंच फौजेने व्हिएतनामची तेव्हाची राजधानी ह्युए इथला राजवाडा लुटला, तेव्हा एका कॅप्टनच्या हाती लागलेली ही दरबारी तलवार, असं विक्रेत्याने सांगितलं. म्यानावर शिंपल्याचं जडावकाम, चांदीचे पट्टे, सोबत कॅप्टनचा फोटो आणि पिवळं पडलेलं पत्र. लूट खरीच झाली होती, लुटीच्या वस्तू फ्रान्समध्ये आल्याही. मग संशय कशाला येईल?

पण दुकानात म्यान हातात घेतलं तेव्हाच ही फसवणूक कळायला हवी होती. खरा शिंपला हाताला गार लागतो, तिरका धरला की एक पाकळी हिरवी तर शेजारची गुलाबी चमकते. इथे सगळी पानंफुलं कोमट आणि एकाच छटेची. मी विचारलंसुद्धा! त्याने झटकन टेबलावरचा दिवा मालवला. म्हणे, जुन्या लाखेला उजेड सोसत नाही, शिवाय संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. तो दिवा आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. इतक्या सराईत माणसापुढे कोण टिकणार?

लेजियों दॉनर हा फ्रान्सचा मानाचा किताब मिळालेल्यांच्या जुन्या फायली फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘लेओनोर’ संग्रहात फुकट दिसतात. आधी तिथे अधिकाऱ्याचं नाव शोधा. आमचे कॅप्टनसाहेब १८८५मध्ये अल्जेरियात होते, टोंकिनला, म्हणजे उत्तर व्हिएतनामला, गेले १८९१ला!

पोलिसांनी तर वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पावतीवर नुसतं ‘सजावटी तलवार’ लिहिलंय, काळ लिहिलेला नाही, हा तुमचा आपसातला वाद, वकील करा. अहो, दाखल्यावर ‘१९वं शतक’ ठळक छापलंय, तो उघडून तरी बघा! बघितला नाही. तक्रार नोंदवायलाही टाळाटाळ. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीला छापील उत्तर आलं. मग दाद मागायची कुठे?

३ मार्च १९८१च्या फ्रेंच हुकूमनाम्यानुसार गिऱ्हाइकाने मागितलं की वस्तूचा काळ, घडण आणि उगम पावतीवर लिहून देणं विक्रेत्याला भागच आहे. मागाच. का-कू केली तर उठून चालते व्हा. थेट खात्यावर पैसे पाठवू नका. विक्रेत्याने आणलेला दाखला धरू नका, स्वतःचा जाणकार न्या.

त्याच विक्रेत्याने आता दुसरी तलवार विकायला काढली आहे. फोटोतला अधिकारी वेगळा, पत्रातलं हस्ताक्षर तेच.