बोटीवरची शेगडी गेली: गॅस, इंडक्शन की डिझेल?

इंग्लंडमध्ये ‘कुकर’ म्हणजे वर चार बर्नर, मध्ये ग्रिल, खाली ओव्हन असं अख्खं धूड. आपल्याकडे कुकर म्हणजे शिट्ट्या देणारा. त्यामुळे ‘बोटीवरचा कुकर बिघडला’ असं आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, रिंग बदल.’ रिंगेवर भागलं असतं तर बरंच होतं.

आम्ही दोघं इथल्या कालव्यांवर नॅरोबोटीत राहतो. बोट 57 फूट लांब आणि सात फुटांनाही दोन इंच कमी रुंद. बोट बांधायला कायमचा धक्का नाही, त्यामुळे परवान्याच्या अटीप्रमाणे एका जागी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, पुढे सरकत राहायचं. बोटीवर राहणाऱ्या किंवा तसा विचार करणाऱ्या मराठी मंडळींकडून ‘गॅस काढून इंडक्शन बसवू का?’ हा प्रश्न वरचेवर येतो. उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ते वस्तूवर कमी आणि तुमच्या विजेवर जास्त ठरतं.

आधी बघा, शेगडी खरंच मेली आहे का

कडाक्याच्या थंडीत सकाळी ज्योत मलूल झाली, तर सिलिंडरचा रंग बघा. निळा म्हणजे ब्युटेन. शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही, मग शेगडी बिचारी काय करणार? लाल सिलिंडर प्रोपेनचा, तो उणे चाळिशीपर्यंत चालतो. बोटीवर बारा महिने राहायचं तर लालच घ्यावा.

दुसरी नेहमीची तक्रार: बर्नर पेटतो, पण बटण सोडलं की विझतो. बहुतेक वेळा दोष थर्मोकपलचा असतो. ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी जी सोय असते, तिचा हा तापमान ओळखणारा काटा. सुटा भाग स्वस्त मिळतो. माणूस बोलावून तो बदलून घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

आमचं मात्र ओव्हनचं दार गंजून बिजागरीतून निसटलं होतं आणि दोन बर्नरच्या कळा जाम झाल्या होत्या. सुटे भाग मिळणं बंद झालं होतं.

गॅसच्या जागी गॅस

पाइप आहे, सिलिंडरचा खण आहे, हवेचे झरोके आहेत. म्हणून हाच सर्वांत कमी उलथापालथीचा मार्ग. बोटी आणि कॅराव्हॅनसाठीचे कुकर साधारण 500 मिमी रुंदीचे असतात आणि जुन्याच्या खाचेत जवळजवळ बसतात. दुकानातला घरगुती कुकर स्वस्त दिसतो, पण तो नळाच्या नैसर्गिक गॅसचा असतो. त्याचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोंडं) एलपीजीसाठी बदलता येतात का आणि ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी सोय *प्रत्येक* बर्नरला आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

याच कारणासाठी भारतातून शेगडी आणण्याचा मोह टाळा. आमच्याकडेही प्रस्ताव आलाच होता: ‘दोन बर्नरची स्टीलची, बॅगेत मावते.’ आपल्या घरगुती शेगड्या सुमारे 30 मिलिबार दाबावर चालतात, इथला प्रोपेनचा रेग्युलेटर 37 देतो. शिवाय साध्या भारतीय शेगडीला ज्योतीवर पहारा ठेवणारं काही नसतं. घरात दूध उतू जाऊन गॅस विझला तर खिडकी उघडून भागतं. बोट म्हणजे लोखंडी पातेलं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, साचतो आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारं भोक असतं ते याचसाठी.

बोट हेच घर असेल तर गॅसचं काम ‘गॅस सेफ’ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं, आणि त्याच्या कार्डावर एलपीजी व बोटी दोन्ही लिहिलेलं हवं. आमच्याकडे आलेल्या पहिल्या गृहस्थांनी कार्ड दाखवलं, ते घरांच्या बॉयलरचं निघालं. चहा पाजून परत पाठवलं. कुकरच्या किमतीइतकाच खर्च कधी कधी या मजुरीचा येतो, तो आधीच धरा.

गॅसचा एक तोटा कुणी सांगत नाही: पाणी. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. 13 किलोचा सिलिंडर आम्हा दोघांना दोन महिने जातो, म्हणजे तेवढ्यात सुमारे 21 लिटर पाणी बोटीच्या हवेत. त्यात वरणाची वाफ वेगळी. जानेवारीत खिडक्यांच्या चौकटींवरून ओघळ येतात ते यातूनही. म्हणून थंडी वाजते म्हणून झरोके बोळ्यांनी बंद करायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर एप्रिल 2019 पासून सक्तीचाच आहे.

तरीही वांगं भाजायचं असेल, फुलका टम्म फुगवायचा असेल, पापड असेल, तर ज्योतीला तोड नाही. आमच्या घरात हा मुद्दा सुरक्षिततेच्या खालोखाल आला, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. रोज तीनदा वापरायची वस्तू आहे.

इंडक्शन: हिशेब कागदावर करा

ज्वाला नाही, सिलिंडर वाहणं नाही, जळणाची ओल नाही. मरीनात, म्हणजे बोटींच्या तळावर, कायमचा धक्का आणि किनाऱ्यावरची वीज असेल तर मी दोनदा विचार न करता इंडक्शन म्हणेन. फक्त खांबावरून किती अँपिअर मिळतात ते विचारा. 16 असतील तर 2000 वॅटची एक चूल आरामात चालते. काही ठिकाणी कमी मिळतात, तिथे किटली आणि चूल एकदम लावली की खटका पडतो.

धक्का नसेल तर गोष्ट बदलते. 2000 वॅट म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरची गळती धरून, 180 अँपिअरच्या वर. जुन्या पद्धतीच्या 110 अँपिअर-तासाच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या असल्या, तरी त्या निम्म्याच वापरायच्या असतात. हातात राहतात सुमारे अडीच युनिट, त्यातच फ्रिज, पंप, दिवे आणि लॅपटॉप. शेजारच्या बोटीवरच्या इंडक्शनवर मी एकदा आमचा रोजचा स्वयंपाक केला: वरण-भात, एक भाजी, आठ पोळ्या. त्यांच्या मॉनिटरवर सव्वा युनिट गेलं. एवढा मोठा प्रवाह ओढला की लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याच्याही आधी मान टाकतात. म्हणजे लिथियम बॅटऱ्या, 3000 वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, जाड केबली आणि त्या जोडणारा जाणकार, असं सगळं आलं. इंडक्शनची चूल या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

उन्हाळ्यात छपरावरचे सोलर पॅनल हे भागवतात. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, तेव्हा इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या. आणि बोट बांधलेली असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवू नये असा कालव्यावरचा नियम आहे. म्हणजे संध्याकाळच्या आमटीची वीज दुपारीच साठवायची.

भांड्यांचंही बघा. ॲल्युमिनियमचा जुना कुकर इंडक्शनवर चालत नाही, गोल बुडाची कढईही नाही. लोखंडी तवा मात्र झकास तापतो, पोळी कापडाने दाबून फुगवता येते. स्वस्त चुली मंद आचेवर खरं तर पूर्ण ताकदीने चालू-बंद होतात. साबुदाण्याची खिचडी तळाला का लागते, ते मला तेव्हा कळलं.

उरलेले दोन

डिझेलची चूल, फिनलंडच्या वालासची किंवा वेबास्टोची, दिसायला देखणी: काचेचा सपाट पृष्ठभाग, धूर आणि जळणाची वाफ नळीने बाहेर, इंधन बोटीच्याच टाकीतलं. गॅस पूर्ण काढून टाकता येतो. पण किंमत गॅसच्या कुकरच्या कितीतरी पट आणि तापायला दहाएक मिनिटं. सकाळी घाईत चहा हवा असणाऱ्यांनी, म्हणजे आमच्यासारख्यांनी, नाद सोडावा. उत्तरेच्या थंड समुद्रात फिरणाऱ्यांना ती आवडते यात नवल नाही.

कोळशाची शेगडी हिवाळ्यात उबेसाठी बहुतेक नॅरोबोटींवर असतेच. तिच्या डोक्यावर डाळ रटरटते, दूध तापतं, शेजारी ठेवलं की दही इंग्लंडच्या थंडीतही लागतं. जूनमध्ये तिच्यावर स्वयंपाक करून बघा म्हणजे कळेल.

नवीन येईपर्यंतचे दिवस काढायला कॅम्पिंगचा कार्ट्रिजवाला स्टोव्ह बोटीच्या आत पेटवू नका, कितीही थंडी असो. दोन आठवडे वीज असलेल्या धक्क्यावर जागा घ्या आणि एक सुटी इंडक्शन चूल लावा. नंतर ती पडूनही राहत नाही.

मग कुणी काय घ्यावं

मरीनात कायम राहणाऱ्यांनी इंडक्शन. लिथियम आधीच असलेल्या भटक्यांनी इंडक्शन, आणि डिसेंबरसाठी एक गॅस बर्नर राखून. लेड-ॲसिडवर फिरणाऱ्यांनी गॅसच. शेगडी मोडली या निमित्ताने बोटीची अख्खी वीजव्यवस्था बदलायला निघू नये. ती बदलायचीच असेल तर वेगळ्या वर्षी, वेगळ्या पैशांनी.

आम्ही तिसऱ्या गटातले. फक्त ओव्हन घेतला नाही, वर चार बर्नरची हॉब बसवली. सहा वर्षांत ओव्हनमध्ये आम्ही बहुतेक वेळा कढयाच ठेवल्या होत्या, त्या जागी आता खण केलाय. काम झाल्यावर गळतीची चाचणी आपल्यासमोर करून घेतली आणि कागद दर चार वर्षांच्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या फायलीत लावला. एकच चूक झाली: जागेचं माप घेतलं, दाराचं नाही. खोका बोटीच्या दारातून आत जाईना, म्हणून कालव्याकाठी पावसात उघडावा लागला.